सारसाच्या पंखावरचं रफू

जपानमधल्या तोयामा शहरात, डोळ्यांच्या दवाखान्यात निवृत्त ग्रंथपाल नोझुए पुस्तकात तोंड खुपसून बसले होते. शेजारी सासू-सून बोलत होत्या.

"आई, ही घ्या फुलदाणी. तुमच्या लग्नाच्या किमोनोवरचा सारस काचेत उतरवून घेतलाय."

"मला काय दिसणार, बाई?"

"बोटांनी बघा. नक्षी उठावाची आहे."

"मान छान जमलीय. पण पंखावर हे खरखरीत काय? कारागीर नवशिका होता का?"

"तुम्ही केलेलं रफू आहे ते. तो म्हणाला, काढून टाकू? मी म्हटलं, सारस उडाला तरी चालेल, रफू तेवढं ठेवा."

"वेडी आहेस. माझे टाके वाकडेच पडायचे."

"म्हणून तर लगेच सापडले तुम्हाला."

"...बरं केलंस गं."

नोझुएंच्या पुस्तकाचं पान अजून तेच होतं. परिचारिकेने हाक मारली, "हिराबायाशी आजी, चला आत."

"थांब गं जरा. मी बघतेय."