अर्धी मात्रा मागे

ड्रमर : परत मागे पडलात काका. सलग चौथ्यांदा.

काका : तूच पुढे पळतेस. तुमच्या वयात सगळ्यांनाच घाई.

ड्रमर : माझ्यावर ढकलू नका. रेकॉर्डिस्टदादा, कोण चुकतंय?

रेकॉर्डिस्ट : मला कशाला मध्ये घेता? काका अर्धी मात्रा मागे आहेत.

काका : हेडफोनचा आवाज वाढव जरा.

रेकॉर्डिस्ट : आणखी? आत्ताच इथपर्यंत ऐकू येतोय.

ड्रमर : गिटार जबड्याला टेकवून सूर लावता तुम्ही. मला वाटलं, जुन्या लोकांची पद्धत असेल. डावा कान गेलाय ना?

काका : डावा गेला. उजवा बॅग भरून बसलाय.

ड्रमर : काकूंना माहितीये?

काका : तिला वाटतं, मी मुद्दाम ऐकत नाही. लग्नापासूनच वाटतं.

ड्रमर : आणि आम्हाला कधी सांगणार होतात?

काका : सांगितलं असतं तर आली असतीस? चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांमागे गोडगोड वाजवलं. एकसष्टाव्या वर्षी स्वतःचा रॉक बँड काढला, तर लोक म्हणाले, म्हातारचळ लागलाय. त्यात बहिरा म्हटलं असतं तर संपलंच. भीती वाटली गं.

रेकॉर्डिस्ट : माझ्या ओळखीचा एक गिटारवाला आहे, तासाभरात येईल. काका, तुम्ही नुसतं गा.

काका : बोलाव मग. तुमचा खोळंबा नको.

ड्रमर : कुणाला बोलवायचं नाही. काका, बूट काढा. इथे ड्रमखालच्या फळीवर बसा, पाठ माझ्या मोठ्या ड्रमला टेकवा. ठोका कानाने नाही, पाठीने घ्या.

काका : मणका खिळखिळा होईल माझा.

ड्रमर : होऊ दे. मागे पडलात तर आणखी जोरात मारीन.

रेकॉर्डिस्ट : अहो, ड्रम त्यांच्या माइकमध्ये शिरेल. सगळी खिचडी होईल. नंतर एक सूरही दुरुस्त करता येणार नाही.

काका : दुरुस्त करायचाच नाही. चुकलो तर पहिल्यापासून वाजवू. संध्याकाळपर्यंत खोली आपलीच आहे ना? लाव रेकॉर्डिंग.

(तीनदा गाणं मध्येच थांबतं. चौथ्यांदा शेवटपर्यंत जातं.)

रेकॉर्डिस्ट : बसलं. अगदी ठोक्यावर बसलं.

ड्रमर : काका, ऐकलंत?

काका : नाही. इकडे येऊन उजव्या कानात सांग.