आमच्या व्याह्यांचा पळस

...आणि वर मलाच सांगतात, "व्याही, येताना तुमचा ब्रश घेऊन या बरं का, तुमच्यासारखं अक्षर कुणाचं नाही!" ऐकताय ना? म्हणजे बाक त्यांचा, नाव त्यांचं आणि ब्रश माझा! रंगसुद्धा माझा! मी जळत नाही हो. जळायचं वय गेलं माझं. मी आपलं फक्त तुम्हाला सांगतोय.

आता हे व्याही म्हणजे आमच्या सूनबाईंचे वडील. देवमाणूस! हीच तर पंचाईत आहे. एखाद्यावर खार खायची म्हटली, तर त्यानं थोडी तरी जागा ठेवावी की नाही? हा माणूस जागाच ठेवत नाही! शिकलेला, हसतमुख, आणि डोक्यावर केस... ह्या वयात! सगळेच्या सगळे! मी एकदा गमतीत मागून ओढून पाहिले, म्हटलं टोप असेल. निघाला नाही. उलट डोळे मिटून म्हणतात, "वा व्याही, काय छान डोकं दाबता हो!" आता काय करणार? दाबलं की अर्धा तास!

आणि मी कोण? मी पेंटर. पाट्या रंगवणारा. शाळा मी सहावीतच सोडली, त्या दिवशी मास्तर स्वतः फाटकापर्यंत सोडायला आले, परत येणार नाही ना ह्याची खात्री करायला. पण अक्षर? मोती! गावातला डॉक्टर, वकील, सायकलवाला, दात काढणारा, सगळ्यांची नावं मी रंगवली, हातभर अक्षरांत. आणि माझं नाव कुठे? खाली कोपऱ्यात, मुंगीएवढं. ते वाचायचं तर गुडघ्यावर बसावं लागतं, आणि तिथं बसतं फक्त कुत्रं, तेही वाचायला नाही.

तर झालं काय, पाण्याच्या टाकीमागं ती पडीक जागा आहे ना, डबर टाकतात तिथं, तिथं आम्हा रिकामटेकड्यांची फौज दर रविवारी झाडं लावायला लागली. फौजेच्या सेनापती म्हणजे बाई. शाळेत विज्ञान शिकवायच्या, निवृत्त झाल्या, पण आवाज अजून नोकरीतच आहे. "झाड आपल्याच मातीतलं हवं! परकं दिसलं तर मी उपटीन! आणि लावणाऱ्यालासुद्धा!" प्रत्येकाला एक खड्डा, एक रोप, शेजारी एक काठी आणि काठीवर नाव. व्याह्यांचा खड्डा आणि माझा खड्डा अगदी शेजारी-शेजारी. दोघांच्याही वाट्याला पळस.

मग बाईंनी बाक दाखवला. बंद पडलेल्या बसथांब्याचा, लोखंडी, चांगला लांबलचक. "वर्षानं मी बघणार. ज्याचं झाड उत्तम, त्याच्या झाडाशेजारी हा बाक, आणि बाकाच्या पाठीवर मधोमध त्याचं नाव!" मधोमध! जन्मभर दुसऱ्यांना मधोमध बसवलं हो मी. एकदा आपण बसलो तर कुणाचं काय जातंय?

एवढं बोलून बाई निघून गेल्या लेकीच्या बाळंतपणाला, लांब.

आणि इकडे काय सुरू झालं! व्याह्यांचं झाड या रविवारी गुडघ्याला, मग कमरेला, मग त्यांच्या केसांना! ही बारीक-बारीक नाजूक पानं, झुपकेच्या झुपके, वारा आला की नुसतं लाडात येतं! आणि माझं? तीन पानं. तुम्हाला सांगतो, तीन! एवढं पाणी, एवढं शेणखत, चार गोड शब्द, नंतर चार शिव्या, तरी आपलं तीनच! आमची ही रोज टोमणा मारायची, "अहो, व्याह्यांचा हातच तसा आहे. तुम्ही लावाल ते..." आणि वाक्य अर्धंच सोडायची. अर्धं वाक्य जास्त लागतं हो, कारण उरलेलं आपणच पुरं करतो.

त्यातलं एक पान पिवळं पडलं. आता मी पेंटर माणूस, पिवळं दिसलं की हात थांबतो होय? घरी हिरवा ऑइलपेंट उरला होता, दिला एक हात. झकास! तर व्याही नेमके वाकून बघतात, वास घेतात आणि म्हणतात, "व्याही, हे कुठलं खत हो? मलाही सांगा की!" टोमणा असता तर परवडलं असतं. खरंच विचारत होते! मी जळत नाही हो, पण असं कुणी निर्मळ असतं का?

बाई यायची वेळ झाली तसा मी गुडघा धरून व्याह्यांच्या दारात जाऊन बसलो. म्हटलं, "व्याही, माझं काय आता... पिकलं पान. एकदा नाव मोठ्या अक्षरात बघितलं असतं, म्हणजे सुखानं..." आणि आवंढा गिळला. दोनदा गिळला. तर हा माणूस उठला, चपला घातल्या, "एवढंच ना? माझं झाड तुम्ही घ्या, तुमचं मला द्या!" आणि सगळ्या फौजेसमोर काठ्यांची अदलाबदल! चेहऱ्यावर आठी नाही! अहो, दुसऱ्याची वस्तू मिळाल्याची मजा कशात असते? त्याला वाईट वाटण्यात! तेवढंही सुख दिलं नाही मला.

बाई आल्या. थेट माझ्या, म्हणजे आता माझ्या, झाडासमोर. बघितलं. चष्मा पुसला. परत बघितलं. "सुबाभूळ! ही परकी बया इथं कुणी आणली? बी वाऱ्यानं खड्ड्यात पडलं, पळस गेला मरून, आणि वर्षभर तुम्ही हिलाच पोसताय? काठीवर नाव कुणाचं?" आणि अख्ख्या फौजेनं एका सुरात माझं नाव वाचलं! जन्मात पहिल्यांदा माझं नाव एवढ्या मोठ्यांदा घेतलं गेलं हो... आणि पुढच्या मिनिटाला झाड मुळासकट बाहेर!

मग बाई शेजारच्या काटकीसमोर चक्क गुडघ्यावर बसल्या. "अगंबाई, काय सुंदर पळस! आधी खाली मुळं घालतोय शहाणा, वर येईल सावकाश. कुणी वाढवला?"

मी म्हटलं, "बाई, पण तीनच पानं!"

"अहो, पळसाला पानं तीनच! कधी ऐकलं नाहीत?"

ऐकलं नाही? ट्रकच्या पाठीवर रंगवलंय मी ते! स्वतःच्या हातानं! वर तीन पानं काढून!

तेवढ्यात व्याही पुढे आले. "बाई, खरं सांगतो, हे ह्यांनीच वाढवलंय. बाक ह्यांचा." आता बघा, मी छाती काढून म्हटलं, "छे छे! अदलाबदल म्हणजे अदलाबदल. मी शब्द फिरवणारा नव्हे!" आता रीत काय आहे? समोरच्यानं आणखी आग्रह करायचा. आपण नको म्हणायचं, त्यानं घ्या म्हणायचं, निदान तीनदा! पळसाला कळतं ते माणसाला कळू नये? हे म्हणाले, "बरं. तुमच्या शब्दाचा मान मी ठेवणारच." संपलं!

तर परवा रंगवला बाक. मधोमध व्याह्यांचं नाव, हातभर. अक्षर असं उतरलंय म्हणून सांगू, हात ऐकतच नव्हता, वाईट काढायचं म्हटलं तरी चांगलंच येत होतं! आणि खाली उजव्या कोपऱ्यात, रीतीप्रमाणे, मुंगीएवढा मी.

पाणी अजून मीच घालतो. रोज सकाळी. सवय हो, दुसरं काय. आमची ही येते, कौतुकानं बघते आणि म्हणते, "व्याह्यांचं झाड मात्र छान हं!" मी बादली आपटतो. मग व्याही येतात, बाकावर मला हाताला धरून मधोमध बसवतात, "या व्याही, मानाची जागा तुमची, मी आपला कोपऱ्यात बरा"... आणि बसतात टेकून, नेमके उजव्या कोपऱ्यात, माझ्या नावावर पाठ घासत! रंग ओला होता तेव्हापासून बसतायत हो! आता माझं नाव बाकावर नाहीच, त्यांच्या सदऱ्यावर आहे, उलटं.

मी जळत नाही. फक्त सांगतोय.