श्यामलाला पास

हॅलो?… हॅलो, कागल का?… श्यामलाच्या मामांचं घर न्हवं हे?… मी कोल्हापुरातनं बोलतोय, तिच्या बास्केटबॉलच्या टीममधली… हां, द्या की तिला. ट्रंककॉल हाय, मामी, जरा लवकर…

श्यामला? मी कालिंदी… कालिंदी गं… ठेवू नको. ऐक, तीनच मिनिटं हायत.

कुठनं म्हणजे? हंबीररावांच्या दुकानातनं. आमच्या पेठेत दुसरा फोन कुठाय?… व्हय, तेच, आमच्या तालमीचे वस्ताद. माझ्या मागंच पेपर वाचत बसल्यात. तालमीतली आठ-दहा पोरंबी हायत, कॅरम खेळत्यात… म्हणून तर हळू बोलतोय.

काल मॅच संपल्या संपल्या निघून गेलीस ती… अगं ऐक ना. फायनल पाचला हाय. आता सव्वादोन. अडीचची एस.टी. हाय की तुला… येणार न्हाय म्हणजे? इतकी वर्सं तुझी पेठ, माझी पेठ करत एकमेकींच्या विरुद्ध खेळलो, पर आता जिल्ह्याची टीम हाय, श्यामला… हां, म्हायती हाय मी काल काय केलं ते. बॉल दिला न्हाय तुला. अख्ख्या मॅचमधी एकदाबी न्हाय… दिसत व्हतीस की. बास्केटखाली एकटी हुबी व्हतीस, हात वर करून. तीन पोरी माझ्या अंगावर, तरी मीच मारला. आमच्या लालबीनं पडता बॉल उचलून टाकला म्हणून एका पॉइंटानं वाचलो…

मुद्दाम न्हाय गं… बरं, मुद्दामच. भ्यालो मी. आमच्या पेठेची पोरं बाजूलाच बसलती. तुझ्याकडं नुसतं बघितलं तरी वरडायला लागली… तुला काय जातंय म्हणायला. आज तुला पास देऊ नये म्हणून सकाळी आमच्या दारात ब्लेडनं फाडलेला बॉल टाकलाय कुणीतरी. आई म्हणती, ताप आलाय म्हणून सांग अन् झोप… पोलिसात? कशाला? आबांना ह्याच पेठेत ऱ्हायाचंय.

काय?… व्हय, माझा दात तुझ्याच कोपरानं गेला. ते आता कशाला?… बरं, तुझा गुडघा मी फोडला. फिटलं की.

ऐक. सहा वर्सं कोर्टावर मी तुझ्याबिगर कुणाकडं बघितलंच न्हाय. दोनदा बॉल आपटला की तू डावीकडं वळतीस. दमलीस की व्हट चावतीस. तू कुठं हाईस ते मला मान न वळवता कळतंय… अन् माझ्याच पोरी कुठं असत्यात ते कळत न्हाय. लालबी चार वर्सं माझ्यासंगं खेळती. तिचा डावा हात चालतोय, ते मला काल कळलं… हां, लाज वाटली. वाटणारच की…

तू? तूबी माझं असंच बघितलंयस?… फेकायच्या आधी मी काय करतो?… खरं? मलाच म्हायती न्हवतं.

मग ये की. तुझ्याकडं बॉल गेला की समोरच्या दोघी तुझ्याकडं पळत्यात, लालबी मोकळी ऱ्हाती, सगळ्याच मोकळ्या ऱ्हात्यात. मीच मारत बसलो तर आज कायबी खरं न्हाय…

हां… देणार की… म्हणालो न्हवं, देणार… मोठ्यानं? श्यामला, नको. पाया पडतो तुझ्या, ते सांगू नको. इथं सगळी… आत्ता कॅरम थांबला. पेपरची घडी घातल्याचा आवाज आला… न्हाय न्हाय, ठेवू नको. ऑपरेटरताई, थांबा की जरा… बरं. बरं, ऐक.

आज फायनलला मी श्यामलाला पास देणार. पयला बॉल तिलाच देणार.

…ऐकलंस?… व्हय, इथल्या सगळ्यांनीबी ऐकलं… कुणीतरी उठलं वाटतं. शटर खाली वढल्याचा आवाज आला…

येतीस? अडीचच्याच गाडीनं?… पळ मग… न्हाय, थांब, एवढ्यात ठेवू नको. कायबी बोल. फोन ठेवला की मला मागं वळावं लागंल, श्यामला… हॅलो?… हॅलो?…