चित्रातली बाई

धायरीची आमची आत्या तुम्हाला माहितीये, पारापाशी भाजी घेऊन बसते ती. सरकारी पैशातून गावठाण सुधारायचं ठरलं, तेव्हा एक साहेब रंगीत चित्र घेऊन तिची संमतीची सही मागायला आले. चित्रात मागे स्वस्त घरांची इमारत, पाराभोवती चकचकीत फरशी आणि फरशीवर कुत्रं फिरवणारी हाफपँटमधली बाई.

आत्यानं विचारलं, "ह्यात माझी भाजीची पाटी कुठं हाय?"

"ती इथून हलवावी लागेल, मावशी."

"आन् ही बाई कोण? आमच्या गावातली तर न्हाय."

"अहो, ती कुणीच नाही. चित्रात अशी माणसं टाकतात, नमुन्यादाखल."

आत्यानं पेन त्यांच्या खिशात परत खोचलं.

"मग सही बी तिचीच घ्या. आन् सरका जरा, गिऱ्हाईक थांबलंय."