फिनियासने दिलेला पट्टा

...आणि वर म्हणतात, अर्ध्या तासाचं काम! अर्ध्या तासाचं! तुम्हाला सांगतो, हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं ना, त्याला इंजिनही कळत नसणार आणि घड्याळही. अहो, अर्धा तास तर नुसता तेराचा पाना शोधण्यात जातो, आणि तो सापडतो कुठे, तर दार आपटू नये म्हणून बायकोने फटीत सारलेला!

गुरुवारची गोष्ट. सकाळी सहाला मी अंघोळ करून, कोट घालून गाडीत बसलो. फिनियासच्या मयताला निघालो होतो. मंगळवारी गेला तो, बुहेराला, त्याच्या गावी. आणि त्या मयताला मला उशीर होऊन चालणारच नव्हतं, कारण मी कोण? मी त्याचा साहविरा! नातेवाईक नव्हे, नातेवाइकांच्या छातीवर बसणारा. माझ्या आज्याने त्याच्या आज्याला पुरलं, माझ्या बापाने त्याच्या बापाला. बाकीच्यांनी रडायचं आणि साहविराने मेलेल्याची कोट-टोपी घालून त्याची नक्कल करायची... तो कसा चालायचा, कसा खोकायचा, बायकोला कशा थापा मारायचा, सगळं चव्हाट्यावर! रडणारी माणसं हसली पाहिजेत, त्याशिवाय माती लोटत नाहीत. म्हणजे दुसऱ्या कुणाला उशीर झाला तर त्याचं तो बघेल, मला उशीर झाला की फिनियास जमिनीच्या वरच!

किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं, डुकराच्या पिलासारखं किंचाळलं, आणि फट्ट! लाल दिवा लागला. बॉनेट उघडून बघतो तर पंखा गप्प, आणि फॅन बेल्टचं काळं शेपूट रेडिएटरला लटकतंय. फाटक ओलांडलं नव्हतं अजून. साकुब्वातल्या माझ्याच अंगणात, माझ्याच पपईच्या झाडाखाली!

आता दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावला असता. मी उभा राहिलो नुसता. खरं सांगू का, मंगळवारपासून मला काही वाटतच नव्हतं. फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "फिनियास गेला," पलीकडून म्हणाले. मी "बरं" म्हटलं, साडझाचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, गोळा मोडला आणि बायकोला म्हटलं, रस्सा वाढ. ती बघतच राहिली! मी दुसऱ्यांदा मागून खाल्लं. चव? कशाला असेल चव! हात माझे नाहीत, जीभ माझी नाही, सगळं जसं शेजाऱ्याकडून मागून आणलेलं. दोन दिवस त्याच्या नकला घोकत होतो, एक धड जमेना. रडूही नाही, हसूही नाही. बधिर. दात काढल्यावर गाल होतो ना, तसा मी आख्खा.

पण पट्ट्याची काळजी मला नव्हती, कारण पट्टा माझ्याकडे होता! दोन वर्षांपूर्वी फिनियासनेच दिलेला. वर्तमानपत्रात गुंडाळून, सायकलच्या ट्यूबच्या रबराने करकचून बांधून. "शुम्बा," म्हणाला... मला कुळावरून शुम्बाच म्हणतात, सिंह, हसू नका... "शुम्बा, हा सीटमागे ठेव. तुटेल त्याच दिवशी उघड. आधी उघडलास तर हवा लागून चिरतो. आणि बसवायला काय, अर्ध्या तासाचं काम!" बरं, नुसता देऊन थांबला असेल? दर महिन्याला फोन! "शुम्बा, गाडी कशी आहे? पट्टा बरा आहे ना?" माझी तब्येत नंतर, पट्ट्याची आधी! मी माय तेन्दायला, म्हणजे आमच्या हिला, म्हणायचो, बघ, याला म्हणतात मित्र, नाहीतर तुझे भाऊ.

तर ते बाड काढलं. तेवढ्यात कुंपणावरून मास्तर नेमारांचं डोकं वर आलं. निवृत्त झालेत, पण सवय गेलेली नाही, बागेतल्या कोबीचीसुद्धा हजेरी घेतात. "काय शुम्बा, पट्टा? सोपं असतं ते. अल्टरनेटरचे दोन बोल्ट सैल करायचे, तो आत ढकलायचा, पट्टा चढवायचा, अल्टरनेटर बाहेर ओढून बोल्ट आवळायचे. अर्ध्या तासाचं काम!" मास्तरांनी जन्मात सायकलशिवाय काही चालवलेलं नाही, हे तुमच्यासाठी सांगतो.

आणि मास्तर बोलले की मादझीबाबा एलिशा येणार नाहीत असं होतं का? पलीकडच्या घरातून आलेच, टक्कल तुळतुळीत, अंगात त्यांच्या पंथाचा पांढराशुभ्र झगा, पाय अनवाणी, हातात प्रार्थनेची काठी. "थांबा! आधी प्रार्थना!" म्हणाले. गाडीवर काठी फिरवून झाली, इंजिनातली पीडा बाहेर बोलावून झाली. ती काही आली नाही, एक पाल तेवढी आली. मी म्हटलं, झालं का? म्हणाले, "झालं. आता अर्ध्या तासाचं काम."

मी रबर कापलं. कागद सोडला. पट्टा बाहेर ओढायला लागलो... ओढतोय... ओढतोय... अजून येतोच आहे! वेढ्यामागून वेढा, जाड, हाताएवढा रुंद, माझ्या खांद्यावरून खाली, बुटांवर, पपईच्या बुंध्यापर्यंत! तुम्हाला सांगतो, तो गिरणीचा पट्टा होता! पिठाच्या गिरणीचा! त्यात माझी गाडी आख्खी बांधून वर मास्तर आणि मादझीबाबा मावले असते!

मास्तर चष्मा पुसून म्हणाले, "हा... जरा मोठा वाटतो."

आणि मला एकदम कोंबडा आठवला. आता तो सांगायलाच हवा. तीन वर्षांमागे मी फिनियासच्या गावी गेलो, तो शेतात होता, त्याचा लाडका तांबडा कोंबडा मी धरला, कापला, शिजवला, आणि संध्याकाळी त्याच्याच घरात त्यालाच पाहुण्यासारखा वाढला. हाडं चोखत म्हणाला, "कुणाचा रे? फार गोड आहे." मी म्हटलं, तुझाच. हात थांबला त्याचा. मग उरलेली तंगडीही खाल्ली आणि एक शब्द बोलला नाही. महिने गेले, शब्द नाही. मी आपला समजत होतो की कोंबडा जिरला. आणि मग हे बाड! आणि दर महिन्याला, पट्टा बरा आहे ना!

एरवी मी गडगडा लोळलो असतो हो. तिथे नुसता पट्टा धरून उभा होतो. वाटलं, वाजत असेल कुठेतरी आत काहीतरी, पण ऐकू येत नाही.

फोन वाजला. फिनियासचा थोरला भाऊ, एनियास. "शुम्बा, कुठवर आलास?"

"निघालोच!"

"तीनपर्यंत थांबतो. पुढे नाही. ऊन बघतोस ना?"

मास्तर सायकलवर तुटका पट्टा मापाला घेऊन बाजारात गेले. जाऊन येऊन अर्ध्या तासाचं काम, म्हणाले. दोन तासांनी आले! का, तर पट्ट्यावरचा नंबर पुसला होता आणि दुकानदार नजरेने माप घेत होता, तर मास्तरांनी त्याला घेराचं गणित शिकवलं. भर बाजारात, खडूने, दुकानाच्या दारावर! आणि एवढं शिकवून त्याने दिला तो पट्टा बोटभर लांबच!

पण चालवायचा होता. बॉनेटमध्ये घुसलो. पंख्याच्या एकेका पात्यावरून पट्टा ओवायचा, मग खालची पुली, मग वरची, एकीवर बसला की दुसरीवरून उतरतो, लेकाचा लहान पोरासारखा, एक बाही घातली की दुसरी काढतो! बोटांची सालं निघाली. मादझीबाबा किंचाळले, "शुम्बा, रक्त!" मी म्हटलं, "कुणाचं?" खरंच विचारलं हो.

फोन. "शुम्बा, कुठवर?"

"वाटेत आहे, वाटेत!"

"मग कोंबडा कसा आरवतोय?"

"वाटेतलाच कोंबडा!"

आता पट्टा लांब, म्हणजे अल्टरनेटर पार शेवटपर्यंत बाहेर रेटून धरायचा आणि त्याच दमात बोल्ट आवळायचा. रेटायला काहीतरी दांडकं पाहिजे. मी मादझीबाबांच्या काठीकडे बघितलं. त्यांनी ती पोटाशी धरली. "ही देवाची काठी आहे शुम्बा, अल्टरनेटरची नव्हे!" मग मी स्वयंपाकघरात गेलो आणि साडझा घाटायचा मुगोटी उचलला. चांगला जाडजूड लाकडी, माझ्या सासूच्या हातचा. माय तेन्दाय मागून धावली, "अहो, काय घेतलंत! ठेवा तो! आईचा आहे तो!"

"परत देतो, धुऊन देतो!"

मुगोटी इंजिन आणि अल्टरनेटरच्या मध्ये घातला, मादझीबाबांना म्हटलं रेटा, ते झगा खोचून रेटताहेत, मास्तर मोजताहेत "अजून अर्धा इंच, अजून अर्धा...", मी पाना मारतोय, आणि बोल्ट बसला आणि मुगोटी कडाड! दोन तुकडे! माय तेन्दायने तुकडे बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या शांतपणे म्हणाली की शिव्या बऱ्या, "उद्यापासून साडझा कशाने घाटू, तुमच्या पान्याने?" तरी आली हं ती गाडीत बसायला. फक्त बुहेरापर्यंत एक शब्द बोलली नाही. मादझीबाबांच्या झग्याच्या पाठीवर माझा काळा पंजा उमटला होता, पाचही बोटं. मी काही बोललो नाही. त्यांची बायको बोलेलच की.

पट्टा अंगठ्याने दाबून बघितला. सैल होता. पण फिरत होता.

वाटभर गाडी किंचाळत होती. साडेतीन वाजून गेले पोचायला. ऊन कललेलं, खड्ड्याभोवती गावच्या गाव, आणि फिनियास काठावर, पेटीत, वाट बघत. एनियासने माझ्याकडे असं बघितलं की मलाच आत ढकलेल. कुणीतरी फिनियासचा कोट माझ्या अंगात घातला, डोक्यावर त्याची ती हिरवी टोपी. बाया रडायच्या थांबल्या. आता माझं काम.

आणि तुम्हाला सांगतो, तोंड उघडेना. पन्नास वर्षं लोकांची टर उडवणारा मी, शाळेतून ज्याला शिक्षकांनी हात जोडून घरी पाठवलं तो मी, ओंडक्यासारखा उभा. त्याचं चालणं आठवेना, खोकणं आठवेना. माणसं खाली बघायला लागली. साहविराच मुका निघाला तर त्या घराचं नाक काय राहिलं! एनियास फावड्याकडे हात न्यायला लागला.

मी गाडीकडे गेलो. सगळ्यांना वाटलं, पळाला. सीटवर तसाच टाकून आणलेला तो गिरणीचा पट्टा काढला, गळ्यात घातला, वेढेच्या वेढे, उरलेला मागून धुळीत फरफटतोय, आणि तसा खड्ड्यापाशी आलो. पट्ट्याच्या वजनाने मान वाकली, पाय फेंगडे पडायला लागले... आणि माझ्याच तोंडातून त्याचा आवाज आला हो! तो घोगरा, नाकातला. "काय एनियास, खड्डा खणायला दोन दिवस? लाज नाही वाटत? अर्ध्या तासाचं काम!"

मग पहिली हसली ती वहिनी, माय सेकाय, फिनियासची बायको. रडून रडून तोंड सुजलेलं, आणि पट्ट्याकडे बोट दाखवून अशी हसली की चटईवर आडवीच झाली! मग एनियास, मग सगळं गाव! "तुटला! शुम्बाचा पट्टा तुटला!" अहो, सगळ्यांना ठाऊक होतं! दोन वर्षं! गिरणीवाला तर पुढे येऊन म्हणतो, माझा पट्टा परत द्या! फिनियास म्हणे दर महिन्याला मला फोन करायचा तेव्हा चार जण बाजूला तोंडात कापड कोंबून बसायचे. आणि फोन ठेवून म्हणायचा, "अजून नाही तुटला. पण मी वाट बघतो. कोंबडा विसरलेलो नाही."

दोन वर्षं वाट बघितली लेकाने, आणि दोन दिवस कमी पडले.

मग मी मोजून घेतलं त्या पट्ट्याने, पेटी, खड्डा, एनियासचं पोट, सगळ्यांना हसवलं, माती लोटली, काम झालं. कधी झालं, कसं झालं, माझं मला कळलं नाही. हसतोय कोण, रडतोय कोण, बघत होतो नुसता. गालाला हात लावला तर ओला होता. मी म्हटलं, कुणाचं?

निघताना वहिनी गाडीपाशी आली. हातात बाड. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, ट्यूबच्या रबराने करकचून बांधलेलं! "भावजी, हे म्हणून गेलेत, तो बोंबलत आला की हे त्याला द्यायचं. खरा पट्टा यात आहे, म्हणाले. बसवायला काय, अर्ध्या तासाचं काम."

घेतलं. काय करणार?

ते अजून सीटमागे आहे. किल्ली फिरवली की गाडी किंचाळते. मास्तर म्हणतात, उघडा आणि बदला. मादझीबाबा म्हणतात, आधी प्रार्थना. माय तेन्दाय म्हणते, आधी मुगोटी आणा. मी हात लावत नाही. आत खरा पट्टा निघाला, तर त्याच्या थट्टा संपल्या म्हणायच्या. आणि नाही निघाला, तर भर रस्त्यात मी एकटा, आणि ओरडायला समोर कोण? त्यापेक्षा नकोच. चालवली की पट्टा तुटणार आणि बाड उघडावं लागणार, म्हणून गाडी पपईखाली उभी आहे, बाजाराला मी पायीच जातो. लोक विचारतात, शुम्बा, एवढं लांब चालत?

मी म्हणतो, लांब कसलं... अर्ध्या तासाचं काम.