शिखाचा मिक्सर अन् भुजंगरावांची डिस्क

—न्हाई न्हाई, भुजंगराव, तुमच्या मंगल कार्यालयाचा कम्प्युटर तयार हाये असं मी कुठं म्हणलो? टेस्ट चालू हाये म्हणलो. बसा. लिनक्समधी डिस्कची टेस्ट म्हंजे काय — एकामागं एक मोठ्या फायली लिहीत जायच्या, दम घेऊ द्यायचा न्हाई, म्हंजे कुठं कच खाती ते कळतं. तुमची खाती. लिहिता लिहिता एरर देती, अन् मंग सगळं कुलूपच लावून बसती — वाचा म्हणती, लिहू नका! कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बंद पडलं ते त्याच्यानंच. केबल? बदलली ना, तुम्ही डब्बा आणला त्याच दिवशी बदलली, केबलच खराब होती. मंग काय राह्यलं? तेच तर सांगून राह्यलो! केबल बदलली तरी दुपारी एरर आलीच. दुसरी डिस्क लावली — तरी बी आली. मंग ध्यानात आलं, आतमधी घरात आमची बायको, शिखा, मिक्सर लावती तवाच येती! दुकानाची अन् किचनची लाइन एकच. मिक्सर फिरला की व्होल्टेज पडतं, डिस्क झटका खाती.

आता खात्री नको का करायला? पण शिखा तर दिवाळीपासून माझ्याशी बोलत न्हवती. कारण? काय न्हाई हो, पाव्हण्यांसमोर तिच्या मठरीला, खाऱ्या पुऱ्यांना हो, मी हार्ड डिस्क म्हणलो. हसू नका. आमच्या आईच्या मार्फत निरोप चालायचे — "त्यांना सांगा, गॅस संपला." तर मी इथूनच ओरडलो, "शिखा, चालू कर!" आतून आवाज आला — "केला!" भुजंगराव, दिवाळीनंतरचा पह्यला शब्द! मी म्हणलो, "बंद कर!" ती म्हणली, "केला!" मंग रोजचंच झालं. मिक्सरात टाकू काय म्हणली, म्हणलो काय बी टाक. शेंगदाणे संपले, डाळवं संपलं, आता आईची बडीशेप चाललीय. काल तर हसली हो — "तुमची डिस्क मेली का न्हाई अजून?" म्हणून मी म्हणलो, अजून थोडे दिवस —

म्हंजे? न्हाई हो, तुमचा कम्प्युटर कवाच बिलकुल बराबर — म्हंजे तसा बराबर, पण टेस्ट... उठू नका ना! लग्नाची तारीख हाये, माहीत हाये मला. एक डाव दाखवतो. शिखा! चालू कर! — ऐकलं? "केला." आता बघा स्क्रीनवर, आत्ता येती एरर. येईल. दम धरा... लिहूनच राह्यली की! मिक्सर गरगरून राह्यला अन् ही लिहूनच राह्यली! शिखा, चालूच हाये ना? काय? कवा?

...सकाळी वायरमन बोलावला म्हणती. मी जालन्याला गेल्तो तवा. किचनची लाइन वेगळी करून घेतली, मला न इचारता.

संपलं मंग. आता आत काय ओरडू मी? सांगा ना, काय ओरडू?

थांबा. काय म्हणली? — ताट वाढलंय म्हणती. मला. आईला मधी न घालता, मला!

न्या भुजंगराव, न्या तुमचा कम्प्युटरचा डब्बा. जल्दी उठा की हो!