चंद्रकांता सावे, सुरक्षित

जमुना : हलू नको गो माई. गाऊन टरकला तर माझ्या हातात नुसता गळा राहील.

चंद्रकांता : मी कुठे हलते? गादी घसरतेय. माझी एक बाजू लकव्यानं आधीच गेलेली, दुसरी आता हवेत. हलणार कोण?

जमुना : खाटेला कठडा असता तर अडकली असतीस.

चंद्रकांता : कठडा सकाळीच नेला. पिवळा रंग मारायला.

जमुना : पिवळा कशाला?

चंद्रकांता : सुरक्षिततेचा रंग असतो म्हणे. आज खाली गॅसगळतीचं ड्रिल बघायला पाहुणे यायचेत ना.

जमुना : तुझ्या उशाला घंटी हाय, ती दाब.

चंद्रकांता : दाबली मघाशीच. तिचीही वायर काढलीये. आपल्या घंटीनं ड्रिलच्या भोंग्यात गोंधळ नको म्हणून.

जमुना : मग बोंब मारते. ए पोरींनो! ए! वर कोण हाय का?

चंद्रकांता : नर्सिंग होमच्या सगळ्या पोरी मैदानात. त्यात तो भोंगा. मेल्याला दमच लागत नाही.

जमुना : कंपनीतला गॅस खरंच सुटला, तर एवढ्या मोठ्यानं सांगतील आपल्याला?

चंद्रकांता : सांगायला कशाला हवं? वास येईल की.

जमुना : बोईसरात वास तर रोजच येतो.

चंद्रकांता : मग कळणार नाही.

जमुना : थांब, थांब, दुसऱ्या हातानं धरते. या हाताला मुंग्या आल्यात. लहानपणी जाळं ओढताना याच्या तिप्पट वजन ओढलंय मी. पण तेव्हा खुबा मोडलेला नव्हता.

चंद्रकांता : तू नको उतरूस हं तुझ्या खाटेवरून. तुला उचलायला तिसरी बाई आणावी लागेल.

जमुना : भोंगा थांबला बघ. माइकवर बोलतायत.

चंद्रकांता : काय म्हणतायत?

जमुना : दुसरा मजला संपूर्ण रिकामा केला.

चंद्रकांता : हा कितवा?

जमुना : दुसराच. गप, नावं घेतायत. चंद्रकांता सावे, सुरक्षित. टाळ्या वाजवल्या गो तुला.

चंद्रकांता : बरं झालं. वाचले मी.

जमुना : जमुना तरे, सुरक्षित, किरकोळ जखमी. आता मना कुठं लागलं?

चंद्रकांता : एखादा जखमी लागतोच असल्या कार्यक्रमात. जमुना, मेहुल आला असेल का गं खाली? घरच्यांना बोलावलंय आज. पालघरहून यायला कितीसा वेळ लागतो.

जमुना : तुझा मुलगा येल नक्की. भाषण असलं की येतात.

चंद्रकांता : तो वर आला की आज सांगणार आहे. मला घरी ने म्हणून. दर वेळी मुद्दा तोंडाशी येतो आणि राहतो. आज सांगणारच.

जमुना : सांग. परवा मला तुझी झोपेची गोळी दिली न तुला माझी साखरेची, तेपण सांग.

चंद्रकांता : मला दिवसभर घाम. तू मात्र मजेत घोरत होतीस.

जमुना : चांगली होती गोळी.

चंद्रकांता : जमुना, मी जातेय खाली.

जमुना : नाय जात. नाय सोडणार मी. ए पोरींनो! अगो मेली का सगळी?

(किंजल धावत येते. कपाळावर लाल रंग, गळ्यात लोंबता ऑक्सिजनचा मास्क.)

किंजल : अरे देवा! माई! थांबा, थांबा, कमरेला धरते. एक, दोन... हां. आल्या वर. आजी, सोडा आता गाऊन.

जमुना : सोडते गो. बोटं उघडू देत.

किंजल : तुमच्याजवळ एक मावशी बसवली होती. ती कुठे गेली?

चंद्रकांता : तिला धूर करायला बोलावलं खाली.

जमुना : तुझ्या डोक्याला काय झालं?

किंजल : कुंकू आहे, आजी. मी पेशंट होते. खऱ्या पेशंटना जिन्यावरून न्यायचं नाही, पडले-बिडले तर रिस्क, असं सर म्हणाले. म्हणून तुमच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून आम्हीच झोपलो स्ट्रेचरवर. आमच्यातली उन्नती जमुना आजी झाली, मी माई.

जमुना : म्हणजे आमी पडू नये म्हणून आमाला इथं टाकून गेलात.

किंजल : आजी, सरांना नका ना सांगू. मला काढतील.

चंद्रकांता : मेहुल आला होता का गं?

किंजल : आले होते ना. पण नातेवाईक दोरीच्या पलीकडे. तिथूनच हात केला त्यांनी. मला.

चंद्रकांता : तुला?

किंजल : चिठ्ठी तुमच्या नावाची होती. मास्क, मानेपर्यंत चादर, डोळे मिटलेले. तुम्हीच वाटले त्यांना. मला बोलायचं नव्हतं, ड्रिल चालू होतं. ते ओरडून म्हणाले, माई, घरी येतेस का? खालची खोली रिकामी केलीये तुझ्यासाठी.

जमुना : मग?

किंजल : मग... माझ्या नाकावर माशी बसली. हात चादरीत बांधलेले. मी मान हलवली.

जमुना : कशी हलवलीस?

किंजल : नाही म्हणतात तशी. माशीसाठी हो, आजी, शप्पथ. ते मग म्हणाले, बरं, तुझी मर्जी. खोली कंपनीतल्या पोरांना देऊन टाकतो भाड्यानं. वर नाही आले. त्यांच्या लेखी तुम्ही खालीच होता ना.

जमुना : फोन लाव त्याला! आत्ताच्या आत्ता!

किंजल : लावते. जाऊ दे माझी नोकरी. माई, नंबर सांगा.

जमुना : सांग ना गो. अशी बघत काय बसलीस?

चंद्रकांता : किंजल, मान कशी हलवलीस ते परत दाखव.

किंजल : अशी. हळू. दोनदा.

चंद्रकांता : डोळे मिटून?

किंजल : हो.

चंद्रकांता : दर वेळी तो विचारतो, तेव्हा मी अशीच हलवते. त्याचं काही चुकलं नाही.